ॲस्बेस्टॉस काढलेल्या इमारतीत पुन्हा प्रवेश केव्हा?

बेल्जियमची राजधानी ब्रुसेल्स येथील ‘बर्लेमाँ’ ही युरोपीय आयोगाच्या मुख्यालयाची इमारत १९९१ साली रिकामी करण्यात आली. इमारतीला आग लागली नव्हती, की तिच्या भिंती खचल्या नव्हत्या. तिच्या बांधकामात वापरलेले ॲस्बेस्टॉस हेच तिच्या रिकामे होण्याचे कारण होते. आयोगाची कचेरी त्या वास्तूत परतली ती २००४ साली. बर्लिनमधील १९७६ साली उघडलेल्या ‘पलास्ट डेर रिपुब्लिक’ या भव्य सभागृहाच्या नशिबी तेवढेही नव्हते. ते १९९० साली बंद झाले, २००३ पर्यंत त्यातील ॲस्बेस्टॉस काढण्यात आले आणि पुढे २००६ ते २००८ या काळात ते पाडूनच टाकण्यात आले.

ही उदाहरणे जगाचे लक्ष वेधणाऱ्या वास्तूंची आहेत. परंतु त्यांच्यासमोर उभा राहिलेला प्रश्न एखाद्या शाळेच्या वर्गासमोर, रुग्णालयाच्या तळघरासमोर किंवा कचेरीच्या छतासमोरही तितकाच खरा असतो. ॲस्बेस्टॉस काढण्याचे काम पूर्ण झाले, कंत्राटदाराने सामान आवरले, कामगार निघून गेले. आता मुलांनी, रुग्णांनी, कर्मचाऱ्यांनी आत यावयास हरकत नाही, हे कोणी आणि कशाच्या आधारे सांगावयाचे? काम संपणे ही एक गोष्ट आहे आणि जागा निर्धोक असणे ही दुसरी. ब्रिटनमध्ये या दोहोंच्या मध्ये चार टप्प्यांची एक तपासणी उभी करण्यात आली आहे. तिची रचना समजून घेण्याजोगी आहे.

धोका कशाचा?

ॲस्बेस्टॉस हे खनिज आहे. मात्र दगडासारखे भुकटी होऊन फुटण्याऐवजी ते उभे चिरत जाते आणि त्याचे तंतू होतात. एकेक तंतू पुन्हा चिरला जाऊन इतका बारीक होतो की, माणसाचा केस त्याच्यापुढे दोरखंडासारखा वाटावा. हे तंतू जळत नाहीत, कुजत नाहीत, उष्णता अडवतात आणि सिमेंटमध्ये मिसळले असता त्याला बळकटी देतात. साहजिकच विसाव्या शतकात बाष्पकांची वेष्टणे, नळांवरील लेप, लोखंडी तुळयांवरील फवारा, छताच्या फळ्या आणि सिमेंटचे पत्रे अशा असंख्य ठिकाणी त्यांचा उपयोग झाला.

ज्या गुणांमुळे हे खनिज उपयोगी ठरले, त्याच गुणांमुळे ते घातक ठरले. श्वासावाटे फुप्फुसात खोलवर गेलेला तंतू शरीराला विरघळवता येत नाही. १९२४ साली इंग्लंडमधील रॉचडेल येथील नेली केर्शॉ या ॲस्बेस्टॉस गिरणीतील कामगार स्त्रीचा मृत्यू झाला. तिच्या फुप्फुसांच्या तपासणीचा वृत्तांत वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झाला आणि पुढे १९३१ साली ब्रिटनमध्ये या उद्योगातील धुळीविषयीचे पहिले नियम झाले. त्यानंतर १९६० साली दक्षिण आफ्रिकेतील वॅग्नर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मेसोथेलिओमा या परिफुफ्फुसाच्या कर्करोगाच्या ३३ रुग्णांची हकीकत मांडली. त्यांतील काहींनी खाणीत कधी काम केलेच नव्हते. खाणींच्या परिसरात त्यांचे बालपण गेले होते, एवढाच त्यांचा ॲस्बेस्टॉसशी संबंध होता. शाळेच्या इमारतीचा विचार करताना ही गोष्ट विसरता येत नाही. हा रोग बहुधा तीस-चाळीस वर्षांनी प्रकट होतो. ज्याच्या हातून आज चूक होते त्याला तिचे फळ दिसत नाही, आणि ज्याला फळ भोगावे लागते त्याला चूक आठवत नाही.

ब्रिटनने निळ्या आणि तपकिरी ॲस्बेस्टॉसवर १९८५ साली, तर पांढऱ्या ॲस्बेस्टॉसवर १९९९ साली बंदी घातली. तरीही तेथील ‘हेल्थ अँड सेफ्टी एक्झिक्युटिव्ह’ या शासकीय यंत्रणेच्या अंदाजानुसार जुन्या संपर्कामुळे होणाऱ्या रोगांनी त्या देशात अजूनही दरवर्षी सुमारे ५००० मृत्यू होतात.

येथे एक विसंगती वाटणारी बाब ध्यानात घ्यावयास हवी. सुस्थितीत असलेले, रंग वा लेपाखाली झाकलेले ॲस्बेस्टॉस जागच्या जागी असते तेव्हा त्याचे तंतू हवेत फारसे येत नाहीत. ते काढावयास घेतले की खरवडणे, तोडणे, ओढणे या क्रियांनी तंतू सुटे होतात. म्हणजे ज्या इमारतीतून ॲस्बेस्टॉस काढले तिच्याविषयी सर्वांत अधिक शंका घ्यावयाची ती काम संपल्याच्या दिवशीच.

काम चालू असताना

तपासणी समजण्यासाठी कामाची पद्धत थोडक्यात सांगणे आवश्यक आहे. ब्रिटनमध्ये नळांवरील लेप, फवारा, उष्णतारोधक फळ्या यांसारखे सहज भुगा होणारे ॲस्बेस्टॉस काढण्यास परवानाधारक कंत्राटदारच लागतो. कामाच्या जागेभोवती प्लॅस्टिकच्या जाड कापडाचे संपूर्ण बंद आवरण उभारले जाते. आतील हवा यंत्राने सतत बाहेर ओढली जाते आणि अतिसूक्ष्म गाळणीतून गाळून मगच सोडली जाते. त्यामुळे आतील हवेचा दाब बाहेरच्यापेक्षा किंचित कमी राहतो आणि एखादी फट राहिलीच तरी हवा बाहेरून आत जाते, आतून बाहेर येत नाही. कामगारांच्या ये-जा करण्यासाठी एकापुढे एक अशी लहान दालने असतात आणि अंग धुण्याची सोय असलेला शुद्धीकरण कक्ष असतो. ॲस्बेस्टॉस ओले करून काढले जाते आणि दुहेरी पिशव्यांत बंद केले जाते.

हे सर्व आटोपले की कंत्राटदाराच्या पर्यवेक्षकाने प्रथम स्वतः आतून पाहणी करावयाची असते आणि जागा तपासणीस तयार असल्याचे लेखी द्यावयाचे असते. त्यानंतर विश्लेषक येतो. २०१२ च्या ॲस्बेस्टॉस नियंत्रण नियमांनुसार हे प्रमाणपत्र देणारी संस्था आंतरराष्ट्रीय मानकांप्रमाणे अधिस्वीकृत असावी लागते. तपासणीचा तपशील हेल्थ अँड सेफ्टी एक्झिक्युटिव्हच्या विश्लेषकांसाठी असलेल्या मार्गदर्शिकेत दिलेला आहे. तिची सुधारित आवृत्ती २०२१ साली निघाली.

पहिला टप्पा : बाहेरून

पहिल्या टप्प्यात विश्लेषक आत जातच नाही. कोणते ॲस्बेस्टॉस, कोठून, किती काढावयाचे होते हे तो कामाच्या आराखड्यात पाहतो. आराखडा न वाचता केलेली पाहणी निरुपयोगी असते. कारण जे काढावयाचे राहून गेले ते जागेवर स्वच्छच दिसत असते. शुद्धीकरण कक्ष अजून चालू आहे ना, हवा ओढणारे यंत्र चालू आहे ना, आवरण फाटलेले नाही ना, हे तो तपासतो. पिशव्या ज्या वाटेने बाहेर नेल्या ती वाट आणि भोवतालची जागा पाहतो. आवरणाला ठेवलेल्या पारदर्शक खिडकीतून आत डोकावून कचरा वा अवजारे शिल्लक नाहीत याची खात्री करतो. येथेच काही उणे आढळले तर पुढे जाण्याचा प्रश्न राहत नाही.

दुसरा टप्पा : डोळे आणि बोट

चारही टप्प्यांत हा टप्पा सर्वांत महत्त्वाचा असून दुर्दैवाने तोच सर्वांत कंटाळवाणा आहे. विश्लेषक कामगारासारखाच संरक्षक पोशाख आणि श्वसनमुखवटा चढवून आत जातो. त्याच्याजवळ विजेरी, लहान आरसा, स्क्रू ड्रायव्हर अशी साधीच साधने असतात. शिडी लागते, कारण धूळ नेहमी डोळ्यांच्या पातळीवर बसत नाही.

तो तीन गोष्टी शोधतो. काढावयाचे सर्व ॲस्बेस्टॉस खरोखर निघाले आहे काय, तुकडे वा भुगा कोठे पडलेला आहे काय, आणि पृष्ठभागांवर बारीक धूळ बसलेली आहे काय. पहिल्या दोन गोष्टी डोळ्यांना दिसतात. तिसरीसाठी विजेरी पृष्ठभागाच्या अगदी जवळून आडवी धरावी लागते. वरून पडणाऱ्या प्रकाशात जी फरशी स्वच्छ वाटते ती आडव्या झोतात राखाडी दिसते. तुळईच्या वरच्या कडेवरून बोट फिरवले जाते. देवघरातील समईवरची धूळ पाहण्याची गृहिणीची जी रीत, तीच येथे तंत्रज्ञाची रीत आहे. तिला पर्याय ठरेल असे यंत्र अद्याप नाही.

धूळ नेमकी कोठे दडते हे अनुभवाने कळते. भिंतीला चिकटून गेलेल्या नळाची मागची बाजू. नळांच्या जोडावरील बोल्टांमधील खाचा. काढलेल्या फळीचे स्क्रू जेथे होते ती भोके. विजेच्या तारांचे ताट. भिंतीतून नळ पलीकडे जातो ते छिद्र. प्लॅस्टिकच्या कापडाच्या घड्या आणि कोपरे. उष्णतारोधक फळी काढताना तिचा एखादा लहान तुकडा खिळ्याच्या डोक्याखाली अडकून राहतो. तो नखाएवढाही नसतो, पण पुढे एखादा वीजतंत्री तेथे खिळा उपटावयास गेला की त्यातून सुटणारे तंतू थेट त्याच्या नाकासमोर येतात.

पाहणीच्या वेळी जागा कोरडी असणे आवश्यक असते, कारण ओल्या पृष्ठभागावरील धूळ दिसत नाही आणि उडतही नाही. त्याच कारणास्तव पाहणीपूर्वी पृष्ठभागांवर चिकट द्रव किंवा रंग फवारणे मान्य नाही. असा फवारा धूळ काढून टाकत नाही. ती नुसती झाकतो. प्रत्यक्षात घाईच्या कामात हा मोह फार मोठा असतो.

थोडीशी धूळ आढळली तर विश्लेषकाच्या समक्ष ती पुसून घेतली जाते. बरेच काही आढळले तर काम नापास ठरवून कंत्राटदाराकडे परत सोपविले जाते. नळांच्या जाळ्याने भरलेल्या बाष्पकाच्या खोलीची पाहणी कित्येक तास चालू शकते. ज्या अहवालात अशा खोलीची पाहणी दहा मिनिटांत उरकल्याचे दिसते, तो अहवाल काही न सांगताही बरेच सांगून जातो. २०२१ च्या आवृत्तीत छायाचित्रांवर भर देण्यात आला, त्यामागेही हेच कारण आहे. पाहणी झाली हे शब्दांनी सांगण्यापेक्षा काय पाहिले ते दाखविता आले पाहिजे.

तिसरा टप्पा : हवेचे मोजमाप

पाहणीत जागा उतरली की हवा तपासली जाते. स्थिर हवेचा नमुना घेण्यात फारसा अर्थ नसतो. धूळ खाली बसलेली असताना कोणतीही खोली स्वच्छच दिसेल. म्हणून हवा ओढणारे यंत्र बंद करून विश्लेषक ब्रशने पृष्ठभाग झाडतो आणि राहिलेली धूळ असल्यास ती मुद्दाम हवेत आणतो. पुढे माणसे तेथे वावरू लागतील, बाके ओढतील, फरशी झाडतील, तेव्हा जे होईल ते आधीच घडवून पाहावयाचे, असा यामागील विचार आहे.

त्याच वेळी पंपाने हवा एका बारीक जाळीच्या पडद्यातून ओढली जाते. हा पडदा सुमारे अडीच सेंटिमीटर व्यासाचा असतो. किमान ४८० लिटर हवा त्यातून जावी लागते. मिनिटाला ८ लिटर या वेगाने त्यास एक तास लागतो. नंतर पडदा रसायनाच्या वाफेने पारदर्शक केला जातो आणि फेज काँट्रास्ट सूक्ष्मदर्शकाखाली ५०० पट मोठा करून पाहिला जातो. ५ मायक्रॉनपेक्षा लांब, ३ मायक्रॉनपेक्षा अरुंद आणि रुंदीच्या तिपटीहून अधिक लांबी असलेला प्रत्येक तंतू मोजावयाचा, असा नियम आहे. दर मिलिलिटर हवेत ०.०१ तंतू ही उत्तीर्ण होण्याची मर्यादा मानली जाते.

हा आकडा कोठून आला, हे शिक्षकांना विशेष रुचेल. सूक्ष्मदर्शकाखाली संपूर्ण पडदा पाहणे अशक्य असते. म्हणून १०० मायक्रॉन व्यासाची २०० वर्तुळे तपासली जातात. त्या सर्वांचे क्षेत्रफळ मिळून सुमारे १.५७ चौरस मिलिमीटर भरते. पडद्याचा हवा गाळणारा भाग सुमारे ३८० चौरस मिलिमीटर असतो, म्हणजे तपासलेल्या भागाच्या सुमारे २४२ पट. या २०० वर्तुळांत २० तंतू सापडले तर पडद्यावर एकूण सुमारे ४८४० तंतू असावेत. आणि त्या संख्येला ४,८०,००० मिलिलिटर हवेने भागले की उत्तर येते ०.०१. वीसपेक्षा कमी तंतूंच्या मोजणीवर फारसा विश्वास टाकता येत नाही. थोडक्यात, या पद्धतीने जेवढे खात्रीने मोजता येते त्याची ही खालची कड आहे.

म्हणूनच मार्गदर्शिका या आकड्याला जागेच्या स्वच्छतेचा तात्पुरता निदर्शक मानते, कायम राहण्यास योग्य अशी पातळी मानत नाही. दर मिलिलिटरला ०.०१ म्हणजे दर घनमीटरला १०,००० तंतू. स्वस्थ बसलेला माणूस तासाला सुमारे अर्धा घनमीटर हवा आत घेतो. खोलीची हवा खरोखरच कायम या मर्यादेवर राहिली तर तासाला पाच हजार तंतू त्याच्या नाकातोंडावाटे जातील. ‘अहवालात ०.०१ पेक्षा कमी आले, म्हणजे धोका नाही’ हे वाक्य त्यामुळे अर्धे खरे आहे. धूळ मुद्दाम उडवूनही एवढेच तंतू आले आणि त्याआधी डोळ्यांनी जागा स्वच्छ ठरली होती, या दोन गोष्टी एकत्र आल्या तरच त्या आकड्याला अर्थ प्राप्त होतो.

सूक्ष्मदर्शकाच्या आणखीही मर्यादा आहेत. हा सूक्ष्मदर्शक ॲस्बेस्टॉसचा तंतू आणि इतर तंतू यांत भेद करीत नाही. आकार जुळला की तो मोजला जातो. अतिशय बारीक तंतू त्याला दिसतच नाहीत. ते पाहण्यासाठी इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शक लागतो.

चौथा टप्पा आणि प्रमाणपत्र

हवेची तपासणी उतरल्यावर आवरण उतरविले जाते. कापडाच्या घडीत अडकलेला भुगा या वेळी खाली पडण्याचा संभव असतो, म्हणून आवरण निघाल्यानंतर विश्लेषक ती जागा आणि आसपासचा परिसर पुन्हा पाहतो. आवरणाचे कापडही ॲस्बेस्टॉसचा कचरा म्हणूनच बांधून न्यावे लागते. चारही टप्पे पूर्ण झाल्यावरच पुनर्प्रवेशाचे प्रमाणपत्र मिळते.

या प्रमाणपत्राचा अर्थ किती मर्यादित आहे, हे इमारतीच्या व्यवस्थापकाने समजून घेणे जरूर आहे. आवरणाच्या आत जी जागा होती तेवढ्यापुरतेच ते लागू असते. ‘ही इमारत ॲस्बेस्टॉसमुक्त आहे’ असे ते म्हणत नाही. शेजारच्या खोलीच्या छतात ॲस्बेस्टॉस असेल तर ते तसेच आहे, आणि इमारतीच्या नोंदवहीत ते दाखविलेले राहिले पाहिजे. प्रमाणपत्राचा कागद भिंतीवर लावून नोंदवही कपाटात बंद केली की पुढच्या दुरुस्तीच्या वेळी तोच प्रसंग पुन्हा ओढवतो.

तपासणारा कोणाचा?

या सर्व व्यवस्थेतील नाजूक जागा तांत्रिक नाही. विश्लेषकाला पैसे कोण देतो, हा खरा प्रश्न आहे. कंत्राटदारानेच विश्लेषक नेमला तर नापास करणाऱ्या माणसाला पुढचे काम मिळेल की नाही, ही शंका त्याच्या मनात डोकावणारच. सुट्टी संपून सोमवारी शाळा उघडावयाची असते, शुक्रवारी संध्याकाळ झालेली असते, आणि तुळईच्या वरच्या कडेवर धूळ सापडते. अशा वेळी ‘पुन्हा साफ करा’ म्हणणे हे विज्ञानाइतकेच धैर्याचे काम आहे. इमारतीच्या मालकाने किंवा व्यवस्थापकाने विश्लेषक स्वतः नेमावा, अशी शिफारस ब्रिटनमध्ये केली जाते ती याचसाठी. विश्लेषकाचा अहवाल प्रथम मालकाच्या हाती आला, तर घाईचा निर्णय घ्यावयाचा की नाही, याची जबाबदारी ज्याची त्याच्याकडे राहते.

अमेरिकेने शाळांसाठी १९८६ साली स्वतंत्र कायदा केला. तेथे हवा ढवळण्यासाठी ब्रशऐवजी पाने उडविण्याच्या यंत्राचा झोत भिंतींवर आणि छतावर मारला जातो आणि पंखे चालू ठेवले जातात. मोठ्या कामांत जागेतील हवेचे पाच नमुने इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाने तपासले जातात. शाळेने ॲस्बेस्टॉसच्या व्यवस्थेची योजना लिहून ठेवावी आणि पालकांना ती पाहावयास मिळावी, अशीही तरतूद त्या कायद्यात आहे. डोळ्यांनी पाहणी झाल्यावाचून हवेचा नमुना घ्यावयाचा नाही, हे सूत्र मात्र दोन्ही देशांत समान आहे.

पत्र्याच्या शाळा

महाराष्ट्रातील शाळा, समाजमंदिरे, गोदामे आणि बाजाराची शेडे यांच्यासंदर्भात हा विषय प्रामुख्याने सिमेंटच्या पत्र्यांचा आहे. भारतात पांढऱ्या ॲस्बेस्टॉसचा पत्र्यांसाठी वापर चालू आहे. सर्वोच्च न्यायालयाने २७ जानेवारी १९९५ रोजी दिलेल्या निर्णयात ॲस्बेस्टॉस उद्योगातील कामगारांचा आरोग्याचा हक्क मान्य केला आणि त्यांच्या प्रकृतीच्या नोंदी दीर्घकाळ जतन करण्याचा आदेश दिला. तो निर्णय कारखान्यांतील कामगारांविषयी होता. वादळात उडालेले पत्रे वेचणारा शिपाई किंवा वर्ग झाडणारे विद्यार्थी त्याच्या कक्षेत येत नाहीत.

पत्र्यातील तंतू सिमेंटने घट्ट धरलेले असतात. नळांवरील लेपाच्या मानाने ते सहजी सुटत नाहीत. म्हणून ब्रिटनमध्येही पत्रे काढण्याच्या कामाला सामान्यतः परवाना किंवा चार टप्प्यांची तपासणी लागत नाही. परंतु जागा पूर्ण स्वच्छ झाली आहे, याची डोळ्यांनी खात्री करणे तेथेही सुटत नाही. याचा अर्थ असा की, ज्या टप्प्याला यंत्र लागत नाही तोच येथे सर्वाधिक उपयोगी आहे, आणि तो मुख्याध्यापक, ग्रामपंचायतीचे सदस्य किंवा कनिष्ठ अभियंता यांच्या आवाक्यातला आहे. अट एकच : ज्याने पत्रे काढले त्याने ही पाहणी करावयाची नाही.

पाहणाऱ्याला प्रथम काम कसे झाले, हे विचारावे लागेल. पत्रे पाण्याने भिजवून, बोल्ट सोडवून अखंड उतरविले असतील तर पाहणी सोपी असते. ते घणाने फोडून वरून खाली टाकले असतील तर खोलीच्या प्रत्येक कोपऱ्यात भुगा आहे असे धरूनच चालावे. कैच्या आणि वासे यांच्या वरच्या बाजू, भिंतीचा माथा, खिडक्यांच्या चौकटी, फळ्यामागची जागा, कपाटांचे माथे, हे सर्व शिडी लावून पाहावयास हवे. पावसाच्या पाण्याबरोबर पत्र्यावरून झिजून आलेला गाळ पन्हाळीत साचलेला असतो; त्यात सुटे तंतू असण्याची शक्यता अधिक, म्हणून तो ओला असतानाच काढून पिशवीत भरावा. भिंतीलगतच्या मातीत पडलेल्या खापऱ्या वेचणे हे कष्टाचे काम आहे, परंतु मुले तेथेच खेळतात आणि त्याच खापऱ्यांनी फरशीवर रेघा ओढतात.

साफसफाईत कोरडा झाडू वापरणे ही सर्वांत सार्वत्रिक चूक होय. तासाभरात वर्ग लख्ख दिसतो आणि बारीक तंतू हवेत तरंगत राहतात. पृष्ठभाग ओल्या फडक्याने पुसावे, फडकी पुन्हा धुऊन न वापरता कचऱ्याबरोबर बांधावीत आणि जागा वाळल्यावर आडव्या प्रकाशात पुन्हा पाहावी. हे काम विद्यार्थ्यांना कोणत्याही परिस्थितीत सांगू नये. श्रमदानाच्या उत्साहात नेमके हेच घडते.

फोडलेल्या पत्र्यांविषयी किंवा दुसऱ्या कोणत्याही कारणाने शंका असेल तर हवा तपासून घेता येते. अशा तपासणीची पद्धत भारतीय मानक ११४५० मध्ये १९८६ पासून दिलेली आहे, आणि ती राष्ट्रीय अधिस्वीकृती असलेल्या प्रयोगशाळेकडून करून घेणे इष्ट. प्रयोगशाळेला एवढे विचारावे की, नमुना घेताना धूळ उडविली होती काय आणि किती लिटर हवा ओढली. या दोन गोष्टी अहवालात नसतील तर त्यातील आकडा कितीही लहान असला तरी त्यावरून वर्ग उघडता येणार नाही.

उरतो काढलेल्या पत्र्यांचा प्रश्न. ॲस्बेस्टॉसच्या कचऱ्याच्या विल्हेवाटीसाठी भारतीय मानक ११७६८ आहे आणि २०१६ च्या घातक कचरा नियमांतही अशा कचऱ्याचा समावेश आहे. नेमके कोठे पाठवावयाचे याची विचारणा महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या प्रादेशिक कार्यालयाकडे करता येते. गावात मात्र शाळेचे जुने पत्रे वाया जात नाहीत. कोणी न्हाणीघराचा आडोसा करतो, कोणी गोठ्यावर घालतो, तुकडे रस्त्याच्या खड्ड्यात जातात आणि बैलगाडीच्या चाकाखाली त्यांचा भुगा होतो. शाळेची खोली स्वच्छ झाल्याची नोंद करताना किती पत्रे उतरले, त्यांतील किती अखंड होते आणि ते सर्व कोणत्या तारखेला कोठे गेले, हेही त्याच पानावर लिहून त्याखाली पाहणी करणाऱ्याची सही घ्यावी. पत्र्यांचा हिशेब जुळेपर्यंत वर्गाची किल्ली ग्रामपंचायतीकडे राहिली तर पाहणी उरकून टाकण्याची घाई आपोआपच कमी होते.